दुसरी मिसेस द विंटर आणि मी

रिबेका पहिल्यांदा वाचली तेव्हा लग्नाचा विचारही डोक्यात नव्हता, त्यामुळे मला ती एक मस्त गूढकथा वाटली होती, समुद्राकाठचं प्रचंड मोठं घर, धुकं, काळ्या कपड्यातली हाउसकीपर आणि शेवटी आग. एका रात्रीत संपवली आणि मैत्रिणीला देऊन टाकली. नंतर माझं लग्न झालं ते अशा माणसाशी ज्याची पहिली बायको आजारपणात गेली होती. घर तेच, फर्निचर तेच, भिंतीवरचं घड्याळसुद्धा तेच. आणि मग कधीतरी हीच कादंबरी परत हातात आली तर चार पानं सलग वाचवेनात, कंटाळा म्हणून नाही, उलट प्रत्येक पानावर थांबून जरा इकडेतिकडे फिरून यावं लागत होतं. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि आधीच सांगून ठेवते की पुढे मी सगळं रहस्य फोडणार आहे, त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते म्हणताच येणार नाही. डॅफ्नी ड्यू मॉरिएची ही कादंबरी १९३८ साली आली. २१ वर्षांची एक मुलगी, आईवडील नाहीत, पैसे नाहीत, एका श्रीमंत अमेरिकन बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली असते. तिथे तिला मॅक्सिम द विंटर भेटतो, वयाने दुप्पट, विधुर, इंग्लंडमधल्या मँडर्ली नावाच्या इस्टेटीचा मालक. काही आठवड्यांत लग्न होतं आणि ती मँडर्लीला येते, जिथे वर्षभरापूर्वी समुद्रात बुडून गेलेली पहिली बायको रिबेका अजून प्रत्येक खोलीत आहे. भूतबित काही नाही. फक्त तिचं अक्षर, तिचा रेनकोट, तिने ठरवलेलं फुलदाण्यांमधलं फुलांचं टाइमटेबल, आणि ती काळ्या कपड्यातली हाउसकीपर मिसेस डॅनव्हर्स, जी तिची खोली जशीच्या तशी जपून आहे.

आणि अक्षराबद्दल मला खरंच सविस्तर बोलायचंय. माँटे कार्लोमध्येच मॅक्सिम हीरोइनला एक कवितांचं पुस्तक वाचायला देतो, त्याच्या पहिल्या पानावर रिबेकाने त्याच्यासाठी दोन शब्द लिहिलेले असतात आणि सहीतला तो आर इतका उंच आणि तिरका की बाकीची अक्षरं त्याच्यापुढे खुजी दिसतात. ही मुलगी ते पान कापून काढते, तुकडे करते, टोपलीत टाकते, तरी चैन पडत नाही म्हणून काडी लावते. आणि सगळ्यात शेवटी जळतो तो आर. मग मँडर्लीला आल्यावर सकाळच्या खोलीतलं टेबल उघडते तर आत कप्पे, प्रत्येक कप्प्यावर लेबल, उत्तर द्यायची पत्रं, जपून ठेवायची पत्रं, घर, इस्टेट, पत्ते, आणि सगळ्यावर तेच तिरकं अक्षर. जाळलं होतं ना? तरी आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या घरातही लेबलं होती. डब्यांवर, फायलींवर, माळ्यावरच्या खोक्यांवर. ताईंचं (मी त्यांना ताईच म्हणते, कधी भेटले नाही तरी) अक्षर गोल, दाबून लिहिलेलं, आणि वेलांटी एवढी लांब की पुढच्या अक्षराच्याही डोक्यावरून जायची. एका खोक्यावर लिहिलं होतं "वायरी, चार्जर, फेकू नये". त्या "फेकू नये"पाशी मी किती वेळ उभी राहिले होते ते मला आजही आठवतं. आपण कुणाला सांगून गेलो असतो ना घरात, की हे असू द्या, मी येते, तसं ते होतं. मी लेबलं काढली नाहीत. नवे डबे आणले त्यांवर माझ्या अक्षरात लिहिलं, माझं अक्षर बारीक आणि घाईचं, आणि आता फळीवर दोन्ही अक्षरं शेजारी शेजारी असतात, पण सुरुवातीचे कितीतरी महिने मी काही शोधायला गेले की त्या वेलांटीकडे न बघता डबा उचलायचे. वायफायचा पासवर्डसुद्धा त्यांनी ठेवलेला, त्यांच्या मुलीचं लाडाचं नाव आणि जन्मतारीख. पाहुणे आले की मी तो मोठ्याने सांगायचे आणि दर वेळी घशात काहीतरी अडकायचं.

कादंबरीत एक फोनचा प्रसंग आहे. हीरोइन त्या टेबलाशी बसलेली असताना फोन वाजतो, पलीकडून घोगरा आवाज विचारतो, मिसेस द विंटर? आणि ती पटकन म्हणते, तुमची काहीतरी चूक होतेय, मिसेस द विंटर जाऊन वर्ष होऊन गेलं. मग तिच्या लक्षात येतं की फोन घरातल्या घरातलाच आहे, पलीकडे मिसेस डॅनव्हर्स आहे आणि मिसेस द विंटर म्हणजे ती स्वतः. कॉलेजात असताना मला हा सीन जरा ओढूनताणून आणलेला वाटला होता, असं कोण म्हणेल! पण आमच्याकडे ताईंच्या नावाने फोन यायचे, पॉलिसीचे, कुठल्या कुठल्या मेंबरशिपचे, आणि मी म्हणायचे त्या नाहीयेत, तर पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात विचारायची, मग कधी येतील मॅडम? यावर काय बोलायचं ते कुठल्याही नव्या बायकोला सुचणार नाही. मी फोन नवऱ्याकडे द्यायचे आणि दुसऱ्या खोलीत निघून जायचे.

हे पुस्तक लिहिणाऱ्या बाईला हे सगळं आतून माहीत होतं असं मला नेहमी वाटतं आणि तसा आधारही आहे. १९३७ मध्ये ती इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होती, नवरा फ्रेडरिक ब्राउनिंग सैन्यात अधिकारी, त्याची नेमणूक तिथे. उकाडा, ऑफिसरच्या बायकोने करायचं आगतस्वागत, आणि त्यातलं तिला काहीच आवडत नव्हतं. तिथे तिने रिबेका लिहायला घेतली, पहिला प्रयत्न फेकून दिला आणि परत पहिल्यापासून सुरू केलं. आणि या ब्राउनिंगचा डॅफ्नीच्या आधी जॅन रिकार्डो नावाच्या मुलीशी साखरपुडा झाला होता, काळ्याभोर केसांची, ऐटदार मुलगी, तिची पत्रं डॅफ्नीच्या हाती लागली होती आणि त्या सहीतल्या मोठ्या झोकदार आरने तिच्या मनात घर केलं असं तिच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं. लोक या कादंबरीला रोमान्स म्हणत राहिले, ती स्वतः म्हणायची की हा मत्सराचा अभ्यास आहे. मला तर हे वाचून फार बरं वाटलं, कारण आपल्याकडे सवतीमत्सर म्हटलं की दोन जिवंत बायका डोळ्यांपुढे येतात, एक जिवंत आणि एक नसलेली यांच्यातलं काय होतं ते कुणी बोलत नाही, आणि बोलायचं तरी कुणापाशी, नसलेल्या बाईचा हेवा वाटतो म्हणायला जीभच रेटत नाही.

मला वाटतं मँडर्लीत सगळं बिघडतं ते गप्प बसण्यामुळे. तिथे रिबेकाचं नाव सगळे घेतात पण तिच्याबद्दल कुणी काही सांगत नाही. नवरा तर विषय निघाला की चेहरा बंद करून घेतो. मग ही मुलगी काय करते, तर राहिलेल्या जागा स्वतः भरते. एक रेनकोट, खिशातला लिपस्टिक लागलेला रुमाल, अझेलियाचा वास, एवढ्यावरून ती अख्खी बाई उभी करते, उंच, सडपातळ, हुशार, सगळ्यांची लाडकी, आणि मग त्या बाईपुढे स्वतः रोज थोडी थोडी लहान होत जाते. शेवटी न राहवून ती इस्टेटीच्या मॅनेजरला, फ्रँक क्रॉलीला विचारते की रिबेका खरंच कशी होती. बिचारा फ्रँक, फार सज्जन माणूस, मला या पुस्तकात सगळ्यात जास्त तोच आवडतो, तो जरा थांबतो आणि म्हणतो की मी आयुष्यात पाहिलेली ती सगळ्यात सुंदर व्यक्ती असावी. झालं! एवढंच तिच्या लक्षात राहतं. त्याच्या आधी तो तिला सांगत असतो की सौंदर्य आणि हजरजबाबीपणापेक्षा माया, प्रामाणिकपणा, साधेपणा नवऱ्याला जास्त मोलाचा असतो, ते सगळं वाहून जातं.

हीरोइनला नाव नाही हे तर सगळ्यांनाच माहीत असतं, अख्ख्या कादंबरीत एकदाही येत नाही. यावर खूप लिहिलं गेलंय, मी त्यात शिरत नाही. फक्त एवढंच की ज्यांनी कुणी "ही यांची दुसरी" अशी स्वतःची ओळख करून दिलेली ऐकली असेल त्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता मुख्य गोष्टीवर येते. कादंबरीच्या मध्यानंतर समुद्रात रिबेकाची बोट सापडते, आत सांगाडा असतो, आणि मॅक्सिम कबूल करतो की मीच तिला गोळी घातली आणि बोट बुडवली. त्याच वेळी तो म्हणतो, तुला वाटलं माझं रिबेकावर प्रेम होतं? मी तिचा द्वेष करायचो. आणि हीरोइनला काय वाटतं? आपला नवरा खुनी आहे याचा तिला धक्का बसायला हवा ना, पण तिच्या मनात एकच वाक्य फिरत राहतं की याचं तिच्यावर प्रेम नव्हतं, कधीच नव्हतं. जीव भांड्यात पडतो तिचा. त्या क्षणापासून ती मोठी होते, नोकरांशी ठाम बोलायला लागते, जेवणाचा मेनू स्वतः ठरवते, मिसेस डॅनव्हर्सला उलट उत्तर देते. १९४० मध्ये हिचकॉकने सिनेमा केला तेव्हा हॉलिवूडच्या सेन्सॉरच्या नियमात बायकोचा खून करून सुटलेला नवरा बसत नव्हता, म्हणून तिथे रिबेका धडपडून पडते आणि डोक्याला लागून मरते. त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, चांगला आहेच तो, पण माझ्या मते तिथे पुस्तकातली सगळ्यात भयंकर गोष्ट निघून जाते. भयंकर म्हणजे खून नाही. खुनाची बातमी ऐकून बायकोला हायसं वाटतं, ती.

आणि मी तिला दोष देऊ शकत नाही, कारण ते वाक्य मला पण हवं होतं. खून वगैरे नाही हो, पण एवढंच की आमचं फारसं पटत नव्हतं, किंवा तडजोड होती, किंवा तुझ्याबरोबर मला पहिल्यांदा कळलं, असलं काहीतरी. बिजवराशी लग्न केलेली प्रत्येक बाई मनातल्या मनात या वाक्याची वाट बघत असते असं मला वाटतं, कुणी कबूल करो न करो.

माझ्या वाट्याला ते आलं नाही. आम्ही एकदा कागद घेऊन बसलो होतो, जुन्या गुंतवणुकीवर नॉमिनी म्हणून अजून ताईंचंच नाव होतं ते बदलायचा फॉर्म भरायचा होता. नवऱ्याने माझं नाव लिहिलं, नातं या रकान्यात पत्नी लिहिलं, आणि जुन्या फॉर्मवर तोच रकाना, तोच शब्द, त्याच्याच अक्षरात. तो पेन धरून नुसता बसून राहिला. मी विचारलं, "खूप प्रेम होतं ना तुझं त्यांच्यावर?" तो म्हणाला, "हो." मग बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "तुला बरं वाटावं म्हणून नाही म्हणू का?"

मी रडले, खोटं कशाला सांगू, बरीच रडले. पण त्या संध्याकाळी काहीतरी सैल झालं. तो बोलायला लागला. इतके दिवस मला त्रास होईल म्हणून तो गप्प, आणि त्याला त्रास होईल म्हणून मी गप्प, आणि त्या गप्प बसण्यात माझ्या मनातल्या ताई रोज जास्त सुंदर, जास्त शहाण्या होत चालल्या होत्या. आता त्याने सांगितलं की त्यांना गाडी रिव्हर्स घेताच यायची नाही, दर वेळी खाली उतरून याच्या हातात किल्ली द्यायच्या. गाण्यांचे शब्द चुकीचे म्हणायच्या आणि चूक दाखवली तर माझेच बरोबर म्हणून भांडायच्या. एकदा दोघांचं इतकं वाजलं की तीन दिवस अबोला, आणि कारण काय तर ओला टॉवेल. मला अचानक त्यांची ओळख झाल्यासारखं वाटलं. मॅक्सिमच्या बायकोला सुटका मिळाली ती नवऱ्याचं प्रेम नव्हतं हे कळल्यावर. माझं उलटं झालं, प्रेम होतं, आणि टॉवेलवरून भांडणही होतं, म्हणजे आमच्यात जे आहे तेच होतं, आणि ते कळल्यावर मला त्या घरात बसायला जागा झाली.

म्हणूनच मला ही कादंबरी आता वाचताना मॅक्सिमचा राग येतो. इतकी मोठी गोष्ट लपवून त्याने एका पोरसवदा मुलीला त्या घरात आणून सोडलं आणि वर ती घाबरते म्हणून चिडायचा. फॅन्सी ड्रेसच्या रात्री मिसेस डॅनव्हर्सच्या सांगण्यावरून ती जिन्यावरच्या चित्रातल्या कॅरोलाइन द विंटरसारखा पोशाख घालून खाली येते, आणि नेमका तोच पोशाख रिबेकाने घातलेला असतो. तिला बिचारीला काय माहीत! कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तो तिच्यावर ओरडतो, जा, कपडे बदल. मी हा सीन कितीदाही वाचला तरी माझे कान गरम होतात.

मिसेस डॅनव्हर्सबद्दल मात्र माझं मत पार बदललं. सगळे तिला खलनायिका म्हणतात आणि ती आहेच, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उभं करून ती त्या मुलीला खाली उडी मारायला जवळजवळ तयार करते, त्याला माफी नाही. पण त्याच प्रकरणात तिचे डोळे रडून रडून सुजलेले असतात हे आपण विसरतो. रिबेका लहान असल्यापासून तिने तिला सांभाळलेलं. म्हणजे तिचं मूल गेलं असंच समजा ना, आणि तिच्याकडून अपेक्षा काय तर नव्या मालकिणीला चहा कधी हवा ते विचारायचं.

ताईंच्या आई अधूनमधून आमच्याकडे येतात. सुरुवातीला त्या यायच्या म्हटलं की माझ्या पोटात गोळा यायचा. एकदा त्या कपाटासमोर उभ्या होत्या, ताईंचा एक जुना राखाडी स्वेटर हातात, कोपरावर विरलेला, आणि त्यांनी तो नाकाशी धरला होता. मिसेस डॅनव्हर्स हीरोइनला रिबेकाचा फरकोट गालाला लावून बघायला लावते, सपातांमध्ये हात घालायला लावते, तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी दारातच थबकले. पण काकूंना माझ्याकडून काही नको होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही घेऊन जा ना तो." त्या म्हणाल्या, "नको गं. इथेच राहू दे. इथे आले की सापडतो." आणि घडी घालून परत त्याच जागी ठेवला. आता त्या यायच्या असल्या की मी तो स्वेटर वरच्या कप्प्यात काढून ठेवते, त्यांना वाकायला त्रास होतो म्हणून.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे आमची लेक रिबेका वाचतेय. ताईंची मुलगी, शाळेत आहे अजून, मला मावशी म्हणते. माझ्या शेल्फवरून तिने स्वतःच उचललं, मी सुचवलं नव्हतं, माझी हिंमतच झाली नसती. आणि ती पहिल्या दिवसापासून रिबेकाच्या बाजूने आहे. तिचं म्हणणं, "मावशी, सगळे तिच्याबद्दल बोलतात, ती एकदा तरी स्वतः बोलते का? मॅक्सिम म्हणाला ती वाईट होती म्हणून ती वाईट?" मी म्हटलं, अगं तो बेन आहे ना, किनाऱ्यावर शिंपले गोळा करणारा भोळा माणूस, तो पण म्हणतो की ती सापासारखी वाटायची, तिने त्याला वेड्यांच्या हॉस्पिटलमध्ये पाठवायची धमकी दिली होती. त्यावर ती म्हणाली, "असेल. पण म्हणून गोळी घालायची?" मला उत्तर देता आलं नाही. इतक्या वेळा वाचूनही मी कायम त्या दुसऱ्या बायकोच्या खुर्चीत बसून वाचलं होतं, आणि ही पोरगी बरोबर समोरच्या खुर्चीत बसली होती.

मला काळजी होती ती शेवटाची. शेवटी लंडनमधल्या डॉक्टर बेकरकडे सगळे जातात तेव्हा कळतं की रिबेकाला कॅन्सर होता, फार तर काही महिने उरले होते, आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं, उलट मॅक्सिमला मुद्दाम डिवचलं. आमच्या ताई गेल्या त्या पण कॅन्सरनेच. ते पान या मुलीसमोर असंच, एकटी असताना, रात्री अंथरुणात यावं हे मला सहन होईना. नवरा म्हणाला राहू दे, मोठी झालीय ती. पण मँडर्लीत नेमकं हेच तर चालतं ना, राहू दे, राहू दे. मी तिच्या खोलीत गेले आणि सरळ सांगितलं की पुढे असं असं आहे, तुला वाचायचं नसेल तर थांब, वाचायचं असेल तर मी इथे बसते.

ती म्हणाली, "माहितीये मला, मी शेवट आधीच वाचून काढला. मी नेहमी शेवट आधी वाचते." मग पुस्तक पालथं ठेवून थोड्या वेळाने म्हणाली, "रिबेकाने कुणालाच नाही सांगितलं. आईने मला सांगितलं होतं." मी विचारलं, काय सांगितलं होतं? मग तिने सांगायला सुरुवात केली, त्यातलं काही मला माहीत होतं, बरंचसं नव्हतं, आणि ते तिचं आहे म्हणून इथे लिहीत नाही. जेवायला हाक आली तरी आमचं संपलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघी हिचकॉकचा सिनेमा बघणार आहोत. खून बदललाय हे मी तिला सांगून ठेवलंय, तेव्हापासून ती चिडलेली आहे आणि हिचकॉकच्या विरुद्ध मुद्दे लिहून काढतेय.